शांत, मनमिळाऊ, केस कमी गळणारा

रविवार, सकाळचे साडेनऊ

प्रिय टिटवी,

पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: सगळे जिवंत आहेत आणि दुकान चालू आहे. पत्र अशासाठी की हे मला फोनवर बोलता येत नाही. मी फोन कानाला लावला की तुझा दादा हातातली चष्म्याची काच खाली ठेवतो, शेजारी येऊन उभा राहतो आणि माझ्या प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द मोठ्यांदा म्हणतो. अडतीस वर्षांचा घोडा झाला, तरी ती खोड काही जात नाही. एरवी मला त्याचं काही वाटत नाही, उलट घरात सोबत असल्यासारखं वाटतं. पण आज जे सांगायचंय त्याचे शेवटचे दोन शब्द मला त्याच्या तोंडून ऐकायचे नाहीत. आज दुकान बंद. तो मागच्या खोलीत चष्म्याच्या रिकाम्या डब्या रंगांप्रमाणे लावतो आहे. दुपारपर्यंत पुरतील एवढ्या मी काढून दिल्यात.

बातमी अशी की मी कुत्रा घेते आहे. हस, पोटभर हस. ज्या बाईने दारात आलेल्या मांजराला कधी बशीभर दूध ठेवलं नाही, ती दोन महिने वाचनालयातून कुत्र्यांची पुस्तकं आणते आहे. तिथला माणूस आता मला बघितलं की आपणहून त्या कपाटाकडे बोट दाखवतो. कोणती जात घरात ठेवायला बरी, कोणती एकटी राहू शकते, कोणाचे कान वरचेवर पुसावे लागतात, कोण बसल्या जागी लठ्ठ होतो, सगळं मला पाठ झालंय. गिऱ्हाइकाचा नंबर काढता काढता माझ्या मनात बीगल बरा की पग बरा असं चाललेलं असतं. परवा एका गृहस्थांच्या डाव्या डोळ्याचं भिंग मी उजवीकडे बसवलं. ते बिचारे दारातून बाहेर पडताना पायरी शोधत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुझे बाबा असते तर त्यांनी मला आठवडाभर चिडवलं असतं.

आता कारण सांगते. तीन महिन्यांपूर्वी मी पडले. तुला कळवलं नाही, त्याबद्दल जे काय बोलायचं ते नंतर बोल, आधी ऐकून घे. सकाळची वेळ होती, गॅसवर दूध होतं. दादा टोस्टसाठी मागे लागला होता. मी म्हटलं, थांब जरा. तेवढंच मला आठवतंय. पुढचं समोरच्या गाण्याच्या बाईंनी सांगितलं. त्यांना जळका वास आला म्हणून त्यांनी दार वाजवलं, तर आतून दादाचा आवाज, थांब जरा, थांब जरा. त्यांना वाटलं मी कामात आहे आणि तो माझा निरोप सांगतोय. त्या आपल्या थांबल्या. एका मुलीची शिकवणी घेऊन पुन्हा आल्या, तरी आतून तेच. मग मात्र त्या मागच्या दाराने आत शिरल्या. मी फरशीवर, पातेलं काळं ठिक्कर, आणि दादा माझ्याशेजारी मांडी घालून, माझ्या पाठीवर तळहात ठेवून बसलेला. त्याने काही चूक केली नाही गं. मी थांब म्हटलं होतं, तो थांबला होता. बाईंनी नंतर पातेलं घासून आणून दिलं, पण ते आता वापरण्यासारखं राहिलेलं नाही.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय थकलंय, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि वर हेही सांगून टाकलं की असं पुन्हा होऊ शकतं, कधी ते सांगता यायचं नाही. मग विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, मुलगा असतो. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. मी खोटं बोलले नव्हते, पण बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. तेव्हापासून एकच गोष्ट डोकं पोखरते आहे. मी पुन्हा पडले आणि उठले नाही, तर दादाचं काय? पडायची मला भीती नाही, सदुसष्ट वर्षं काही कमी नाहीत. पण तो शेजारी हात ठेवून बसून राहील, भूक लागली तरी बसून राहील, आणि त्याला कोणी ऊठ म्हणायला येणार नाही, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. रोज सकाळी दूध तापवताना मी गॅसपाशी एक हात ओट्याला घट्ट धरून उभी असते.

कुत्र्याचं खूळ माझ्या डोक्यात एका गिऱ्हाइकाने घातलं. निवृत्त बसचालक आहेत, त्यांना फिट्स येतात. त्यांच्याकडचा कुत्रा झटका आला की दाराशी जाऊन असा काही भुंकतो, की शेजारीपाजारी पळत येतात. मला वाटलं, देवानेच हा माणूस पाठवला. घरी येऊन पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर अडकले. भुंकणारा कुत्रा घ्यावा, तर दादा भुंकणं ऐकलं की कान दाबून पलंगाखाली जातो आणि तास-तास बाहेर येत नाही. तेव्हा शांत हवा. शांत जातीचा घ्यावा, तर त्याच्याच वर्णनात लिहिलेलं, ही जात सहसा भुंकत नाही. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. मग मी एक एक जात चाळत बसले. लॅब्रडॉर स्वभावाने सोन्यासारखा, पण तरुणपणी दंगेखोर. गोल्डन रिट्रीव्हर त्याहून गोड, पण त्याचे केस घरभर, शिंका येणाऱ्या माणसाला त्या घरात राहणं कठीण. बीगल प्रेमळ, पण एकदा सूर लावला की गाण्याच्या बाईंनाही ऐकत नाही. बासेट हाउंड लिफ्टमध्ये मावेल, पण जिना चढायची वेळ आली तर उचलून न्यावा लागेल. पग झोपेत घोरतो. प्रत्येकात काहीतरी खोट निघत होती आणि मी आपली वहीत रेघा मारत होते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सगळ्या पुस्तकांत घरासाठी उत्तम कुत्र्याचं वर्णन साधारण सारखंच असतं. शांत, मनमिळाऊ, समजूतदार. हट्ट करत नाही. एकटं ठेवलं तर तक्रार नाही. घरातल्या आजारी किंवा हळव्या माणसाला सांभाळून घेतो. स्वतःकडे लक्ष द्या म्हणून मागे लागत नाही. एका संध्याकाळी हे वाचता वाचता मला तू आठवलीस, आणि मी पुस्तक मिटून टाकलं. टिटवी हे नाव तुला बाबांनी ठेवलं ते तुझ्या आवाजावरून, आठवतंय का? पाळण्यात असताना तू रडलीस की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, आणि दादा पलंगाखाली. मग मी तुला हळू बोल, हळू हस, दार आपटू नको, असं सांगायला लागले. तू इतकी शहाणी, की सातव्या वर्षापर्यंत तू घरात आहेस की नाही ते कळेनासं झालं. त्याच वर्षी तू शाळेतून येताना ते तपकिरी पिल्लू फ्रॉकमध्ये गुंडाळून आणलं होतंस. ते दोनदा भुंकलं आणि मी तुला ते परत सोडून यायला लावलं. तू हूं की चूं केलं नाहीस. सोडून आलीस, हात धुतलेस आणि अभ्यासाला बसलीस. मला तेव्हा वाटलं होतं, किती गुणी मुलगी आहे माझी. मला माफ कर गं.

आता माझी एक लबाडी सांगते. नंबर काढताना आम्ही कसं विचारतो ते तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. आधीचं स्पष्ट की आत्ताचं? बरीच भिडस्त माणसं आत्ताचं म्हणतात, म्हणून मी भिंगं उलटसुलट करून तेच पुन्हा विचारते, तेव्हा कुठे खरं उत्तर येतं. बाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. पण दादाच्या बाबतीत मी कधी उलट करून विचारलं नाही. तो नेहमी शेवटचं तेच म्हणतो, हे मला तो चार वर्षांचा असताना कळलं, आणि मी त्याचा फायदा घेत आले. लाल शर्ट की निळा? बाहेर जायचं की घरी बसायचं? मला जे हवं ते मी शेवटी ठेवायचे. पाहुणे म्हणायचे, बघा, त्याला विचारून सगळं करते, त्याचं मन जपते. मीही ते खरं मानायला लागले. चौतीस वर्षांत त्याला कोणता रंग आवडतो, ते मला ठाऊक नाही.

ही सवय किती भयंकर आहे, ते मला दीड महिन्यापूर्वी कळलं. कुत्र्याची पुस्तकं वाचत होते, पण मनातून मला माहीत होतं की कुत्रा काही दादाला जेवायला वाढणार नाही. म्हणून मी एक निवासी संस्था बघायला गेले, त्याला बरोबर घेऊन. जागा स्वच्छ होती, माणसं चांगली होती. ओळीने तीस खाटा, प्रत्येक खाटेखाली एक पत्र्याची पेटी. तिथले व्यवस्थापक हसतमुख होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय साहेब, आमच्याकडे राहायचं की घरी जायचं? दादा म्हणाला, घरी जायचं. व्यवस्थापक म्हणाले, अजून त्याच्या मनाची तयारी नाही, आपण सक्ती करत नाही. मी त्याचा हात धरून अशी बाहेर पडले, जणू कोणी मागे लागलंय. फाटकापाशी आल्यावर मला ते उमगलं. त्या भल्या माणसाने तेच वाक्य उलट विचारलं असतं, तर दादाने राहायचं म्हटलं असतं आणि आम्ही सगळ्यांनी ते त्याचं मत म्हणून लिहून घेतलं असतं. उद्या मी नसताना कोणीही त्याला काहीही विचारेल. त्याच्या तोंडून हवं ते वदवून घेणं इतकं सोपं आहे, आणि ते सोपं करून ठेवणारी मीच.

तरीही खोड जात नाही म्हणतात ते खोटं नाही. गावाबाहेर टायरच्या कारखान्यामागे एक बाई परत केलेली कुत्री सांभाळतात. लोक हौसेने आणतात आणि झेपलं नाही की सोडून देतात, त्यांच्यासाठी पत्र्याच्या सहा-सात खोल्या आहेत. बाईंच्या दोन्ही हातांवर ओरखडे आणि बोलणं त्या ओरखड्यांसारखंच. दुपारी कुत्री झोपलेली असतात असं कळलं, म्हणून त्या वेळी मी दादाला घेऊन तिथे गेले. मी त्यांना चिठ्ठीवर लिहून नेलेलं वाचून दाखवलं, शांत, मनमिळाऊ, केस कमी गळणारा. त्या म्हणाल्या, ताई, हे स्थळ बघताय की कुत्रं? पण त्यांनी आम्हाला दोघं दाखवले. एक तरुण बीगल, आल्याआल्या दादाच्या गुडघ्यांवर उड्या मारणारा, आणि एक राखाडी ग्रेहाउंड कुत्री, सात वर्षांची, शर्यतीतून काढून टाकलेली, कोपऱ्यात पाय ताणून पडलेली. तिला तिथे सगळे मावशी म्हणतात, कारण ती दुपारी जेवून आडवी झालेल्या मावशीसारखीच दिसते. माझं मन लगेच मावशीवर बसलं. मी दादाला विचारलं, हा उड्या मारणारा घ्यायचा की ती झोपलेली? तो म्हणाला, ती झोपलेली. मी विजयी मुद्रेने बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि शांतपणे विचारलं, ती झोपलेली घ्यायची की हा उड्या मारणारा? तो म्हणाला, हा उड्या मारणारा. एवढ्या वर्षांत जे कोणाच्या लक्षात आलं नाही, ते त्या बाईंना पाच मिनिटांत कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी बीगलला बाहेर नेलं, मला हाताला धरून दारापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, आता कोणी काही विचारू नका. आम्ही दोघी उभ्या. दादा बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होता. मग जमिनीवर बसला. मग बसल्या बसल्या सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेला आणि मावशीच्या पाठीवर तळहात ठेवला. तिने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. पुढे अर्धा तास दोघांपैकी कोणी हललं नाही. तिची पाठ वरखाली होत होती आणि त्याचा हात तिच्याबरोबर वरखाली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला नीट लिहिता येणार नाही. मी आई असून तो चेहरा पहिल्यांदा बघत होते. परतीच्या बसमध्ये मला राहून राहून तुझी आठवण येत होती. तू त्याला कधीच प्रश्न विचारायची नाहीस. दोन वस्तू त्याच्या पुढ्यात ठेवायचीस आणि गप्प बसून राहायचीस. कधी पाऊण पाऊण तास. मला वाटायचं, ही पोर अभ्यासाचा कंटाळा करते आहे. मी तुला उठवायचे आणि कामाला लावायचे.

तर मावशी ठरली. आता तू विचारशील, आई, ही भुंकते का? नाही भुंकत. बाई म्हणाल्या, दोन वर्षांत एकदा भुंकली, तीही झोपेत. म्हणजे मी उद्या फरशीवर पडले, तर एका बाजूला दादा बसेल आणि दुसऱ्या बाजूला ही आडवी होईल, आणि दोघंही शांत, मनमिळाऊ. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती एक गोष्ट तिच्यात नाही. मला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं, तरी मी तिलाच धरून बसले, आणि का ते माझं मलाच कळत नव्हतं. मी स्वतःला सांगत होते, केस आखूड आहेत, खाणं थोडं आहे, दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते, दोन चकरा मारल्या की झालं. गाण्याच्या बाईंकडे मी मागच्या दाराची किल्ली देऊन ठेवली आहे आणि त्या रोज सकाळी फोन करतात. पडण्यावर एवढाच उपाय माझ्या हातात आहे. पुढचं काय, त्यावर मला उपाय सापडत नव्हता, आणि जो होता त्याच्यावर मीच कुलूप घातलं होतं. तू नोकरीसाठी निघालीस त्या दिवशी, दुकानात, तुझ्या चष्म्याच्या काड्या घट्ट करताना मी म्हटलं होतं, तुझं आयुष्य तुझं आहे. दादाचं मी बघीन. तुझ्यावर कधी येऊ देणार नाही, हा माझा शब्द. तू काही मागितलं नव्हतंस. पण तू असा काही श्वास सोडलास, की हातातल्या आरशावर वाफ धरली. तो श्वास मी विसरले नाही. अकरा वर्षं तो शब्द मी पाळला, पडले तेव्हासुद्धा.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. बाईंनी चार पानांचा फॉर्म दिला होता, तो मी दुकानात बसून एका दमात भरून पाठवला. काल त्या घर बघायला आल्या, फॉर्म हातात घेऊन. आमच्या दुकानामागच्या दोन खोल्या बघितल्या, मागचं अंगण बघितलं आणि दारात उभ्या राहून विचारलं, ताई, तुम्ही तिसरा मजला लिहिलाय, तो कुठे आहे? लिफ्ट कुठली? घरात धुळीने शिंका येणारा माणूस कोण? जागा कुठे, या रकान्यात इस्त्रीचं टेबल आणि सायकल ठेवतात ती लहान खोली, असं लिहिलंय, ती मला दाखवा. मी फॉर्म हातात घेतला, चष्मा पुसला आणि वाचला. टिटवी, मी तुझं घर लिहिलं होतं. चारही पानं. जावईबापूंच्या शिंका, तुमच्या कामाच्या वेळा, खालची बाग, सगळं, आणि लिहिताना मला एकदाही कळलं नाही. दोन महिने मी जो कुत्रा शोधत होते, तो माझ्या घराला शोभणारा नव्हताच. मी नसताना दादा तुझ्या दारात आला, तर त्याच्याबरोबर त्याचं असं कोणीतरी असावं, तुम्ही दोघं कामावर गेल्यावर त्याने त्या खोलीत हात कोणाच्या पाठीवर ठेवावा, आणि त्यासाठी तुला घरात काही फार हलवावं लागू नये, एवढंच मी शोधत होते. बाईंनी विचारलं, मुलीला माहीत आहे? मी मानेनेच नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आधी तिला विचारा, कुत्रं नंतर. शेवटच्या पानावर मालकानंतर जबाबदारी कोणाची, तिथे मी तुझं नाव आणि नंबर लिहिलाय. येत्या गुरुवारी त्या तुला फोन करतील. त्या फक्त मावशीबद्दल विचारतील, ठेवून घ्याल का एवढंच, कारण त्यांच्या फॉर्मवर तेवढाच रकाना आहे. दादाबद्दल विचारायला कुठे रकाना नाही, म्हणून हे पत्र. माझा शब्द मी मोडते आहे, आणि मोडायला माझ्याकडे कारण एकच आहे, दुसरं कोणी नाही. तू नाही म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही, दादाला तर ते कळणारही नाही. पण या वेळी समजूतदारपणे वागू नकोस गं. राग आला तर फोनवर ओरड, मोठ्यांदा ओरड. तो कान दाबून पलंगाखाली गेला तर जाऊ दे, मी त्याला नंतर बाहेर काढीन.

तुझीच,
आई